न सापडलेल्यांची मोजणी

व्होलला मराठीत शब्द नाही. मी शोधला होता. तो उंदीर नव्हे, घूस नव्हे, चिचुंद्री तर नव्हेच. आखूड शेपूट, बोथट नाक, केसांत बुडालेले कान, टाचणीच्या डोक्याएवढे काळे डोळे आणि पाठीवर विटकरी पट्टा. मुठीत धरला तर बाहेर फक्त मिशा राहतात. महाराष्ट्रात तो नाही, म्हणून त्याला नावही नाही; आणि नाव नसल्यामुळे मी ऑरेगनच्या जंगलात नेमकं काय करते हे आमच्या लोकांना मला कधीच धड सांगता आलं नाही.

दर गणपतीला मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी काकू हमखास विचारायच्या, "अगं, एवढी शिकलीस आणि उंदीर मोजतेस?" मग त्यांच्या मागे उभे असलेले काका "बाप्पाचं व्हेइकल डिपार्टमेंट!" म्हणून स्वतःच हसायचे. पहिल्या वर्षी मीही हसले. दुसऱ्या वर्षी मसालेभात वाढून घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

काम तसं सोपं होतं. जंगलात सरळ ओळी आखायच्या, ठरावीक अंतरावर झाडाला केशरी रिबीन बांधायची आणि प्रत्येक रिबिनीखाली ॲल्युमिनियमचा एक डबा ठेवायचा. आत ओट आणि पीनट बटर, शिवाय थंडीने मरू नये म्हणून मूठभर कापूस. व्होल आत शिरला की दार खट्‌कन मिटतं. सकाळी जायचं, त्याच्या कानाला बारीकसा बिल्ला टोचायचा, वजन करायचं, सोडून द्यायचा. पुढच्या खेपेला जे सापडतात त्यांत बिल्लेवाले किती, यावरून जे कधी डब्यात आलेच नाहीत ते किती असतील याचा अंदाज बांधायचा. थोडक्यात, मला पगार मिळत होता तो न सापडलेल्यांना मोजण्याचा.

यात एक मेख आहे. बिल्ला लावलेला एखादा प्राणी पुन्हा सापडलाच नाही, तर तो मेला की दुसरीकडे राहायला गेला, हे आकड्यांना कळत नाही. घुबडाने नेला असेल, नाहीतर शेजारच्या ओढ्यापलीकडे त्याने संसार थाटला असेल. आकड्यांना दोन्ही सारखंच. इंग्रजीत हे सांगायला लांबलचक शब्द आहेत. मराठीत एकच पुरतो : गेला.

हे सगळं २००४ च्या आसपासचं. माझा नवरा कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला सॉफ्टवेअरमध्ये, मी ऑरेगनला पीएच.डी. करत. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि संसार मुख्यतः फोनवर चालला होता. त्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मला वेगळा लागला.

"बाबांना थोडे दिवस तुझ्याकडे पाठवू का? इथे रिलीज आहे यार, मी घरीच नसतो."

सासूबाई जाऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. सासरे नाशकात एकटे राहू नयेत म्हणून त्याने त्यांना आपल्याकडे आणलं होतं.

"पाठव की. पण झालंय काय?"

"दार उघडं टाकून समोर खुर्ची घेऊन बसतात. रोज. आणि परवा शेजारच्यांना हायवेच्या कडेने चालताना सापडले. कुठे निघाला होतात विचारलं, तर म्हणाले, तिला आणायला."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"डॉक्टरांना दाखवलं. डोकं एकदम शार्प आहे म्हणतात. पण मला भीती वाटते गं. त्यांना एकटं सोडू नकोस, प्लीज."

म्हणजे माझ्याकडे त्या शरदात दोन कामं आली. एक व्होल मोजायचे. आणि दुसरं, हा माणूस बायकोमागे निघून जाणार नाही हे बघायचं. दुसऱ्या कामाचं मला काहीच शिक्षण नव्हतं.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उंच, ताठ, कमी बोलणारे. आमच्यात तोवर "चहा घेणार का?" आणि "अर्धाच दे" यापलीकडे फारसं संभाषण झालेलं नव्हतं. मी त्यांना बाबा म्हणायचे, ते मला सूनबाई. एकटं सोडायचं नाही म्हटल्यावर त्यांना जंगलात नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माकडटोपी, दोन स्वेटर, वर माझ्या लॅबमधला पिवळा रेनकोट. पहिल्या दिवशी गाडीतून उतरले आणि झाडांकडे बघत नुसते उभे राहिले.

त्या जंगलात पहिल्यांदा गेलेला प्रत्येक जण असाच उभा राहतो. डग्लस फरची झाडं इतकी जुनी आणि उंच, की त्यांचे शेंडे बघायला गेलं तर टोपी पडते. खोडांवर, फांद्यांवर, पडलेल्या ओंडक्यांवर, दगडांवर, सगळीकडे हातभर जाडीचं शेवाळ. जमीनही खरी जमीन नव्हेच. शेकडो वर्षं पडून कुजलेल्या झाडांचा थर. पाय टाकला की आत पोकळ वाजतं. त्या पोकळीत माझे व्होल राहतात, जमिनीखालची बुरशीची फळं खातात आणि आपण वरून चालताना खाली हलत असतात.

"इथे आवाज कुठे जातो गं?" बाबांनी विचारलं.

"शेवाळात मुरतो, बाबा. दहा पावलांवर हाक मारली तरी लांबून आल्यासारखी वाटते."

"धरणाच्या साइटवर असंच एक रान होतं. तिथले लोक म्हणायचे, रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तीनदा आली तरच."

"का?"

"माणूस तीनदा हाक मारतं. दुसरं काही असलं तर एकदाच मारतं." आणि डब्यांची पिशवी माझ्या हातातून घेऊन ते पुढे चालू लागले.

कामाला माणूस वाघ निघाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक संपूर्ण ओळ स्वतःकडे घेतली. फक्त व्होलला उंदीर म्हणायला त्यांची सक्त मनाई होती. "त्याचं नाव घेऊ नये, मामा म्हणावं. ऐकतात ते." उद्या डबे कुठे हलवायचे हेही ते मला जंगलात मोठ्याने बोलू देत नसत. गाडीत बसून, काचा वर करून बोलायचं. मला हसू यायचं, पण त्या वर्षी मामा खरोखरच येईनासे झाले होते. आदल्या वर्षी भरभरून सापडले होते. आता डबे मिटलेले सापडायचे, ओट खाल्लेले असायचे आणि आत कुणी नसायचं.

असं होतं कधीकधी. दार नीट लागत नाही, आतला प्राणी ढकलून निसटतो, दार पुन्हा मिटतं. पण रोज? आणि ओळीतले सगळे? एका सकाळी बाबांनी असाच एक रिकामा डबा उघडून कापसात बोटं घातली आणि माझ्याकडे बघितलं.

"हात लाव."

मी लावला. कापूस ऊबदार होता. मधोमध खळगा पडला होता, कुणीतरी अंग मुडपून निजावं तसा.

"आत्ताच उठून गेलंय," बाबा म्हणाले. त्यांनी तो कापूस बदलला नाही. डबा तसाच मिटून खाली ठेवला आणि वर शेवाळ पांघरलं.

मोबाइलला तिथे रेंज नव्हती, म्हणून आम्ही दुकानातून आणलेले दोन छोटे वॉकीटॉकी वापरायचो. एक माझ्या पट्ट्याला, एक बाबांच्या खिशात. यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुराच्या दिवसांत धरणावरच्या वायरलेसवर त्यांनी रात्री काढल्या होत्या. उत्तर हवं असेल तर शेवटी "ओव्हर" म्हणायचं, बोलणं संपलं असेल तर "आउट". दोन्ही एकत्र फक्त सिनेमात म्हणतात, असं त्यांनी मला सुनावलं. "सूनबाई, सातवा डबा रिकामा. ओव्हर." "ठीक आहे बाबा, पुढे चला. ओव्हर." मी एकदा "ओव्हर" विसरले तर पाच मिनिटं त्यांनी उत्तरच दिलं नाही. मागाहून म्हणाले, वाक्य अर्धं टाकू नये, समोरचा ताटकळतो.

त्या रेडिओंची एक खोड होती. चॅनेल सगळ्यांना खुले, त्यामुळे मधूनच भलत्यांचेच आवाज घुसायचे. शिकारी, लाकूडतोडे, पावसानंतर जंगलात मशरूम गोळा करायला येणारी मंडळी. एका दुपारी खरखरीतून एका बाईचा बारीक आवाज आला. एकच शब्द, थांबून थांबून, दोनदा.

बाबा ओंडक्यावर बसून चहा पीत होते. कप तोंडाशी नेता नेता थांबला.

"हे मराठी कोण बोलतंय?"

"मराठी?"

"ये म्हणाली. ये… ये… असं."

आता मात्र मी मोठ्याने हसले. "अहो बाबा, ती यॅ म्हणतेय, यॅ. म्हणजे हो. इथे सगळे असंच म्हणतात. कुणाला तरी हो हो करतेय बिचारी."

"अच्छा," बाबा म्हणाले. पण त्यांनी रेडिओ कानाजवळ धरला आणि चहा निवेपर्यंत तसाच धरून ठेवला.

त्याच दिवशी, घरून आणलेली थालीपिठं खाताना, त्यांनी मला कामाबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं.

"हे जे येत नाहीत, त्यांचं तू काय लिहितेस? मेले म्हणून?"

"नाही बाबा. मेला की निघून गेला ते आम्हाला कळत नाही. कधीकधी एखादा चार-सहा महिने दिसत नाही आणि मग अचानक डब्यात येतो. तोच बिल्ला."

"म्हणजे आला नाही याचा अर्थ गेला असा नाही."

"तसं खात्रीने म्हणता येत नाही."

त्यांनी मान डोलावली. मग थालीपिठाचा तुकडा हातात तसाच ठेवून म्हणाले, "दवाखान्यात निघाली तेव्हा दारातून म्हणाली, अहो, येते हं. पित्ताच्या खड्यांचं साधं ऑपरेशन. मी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. नुसतं हं म्हटलं. संध्याकाळी मी जायचं होतं. त्याच्या आधी फोनच आला." जरा वेळाने म्हणाले, "येते म्हणाली ती. आणि तिने आयुष्यात शब्द मोडलेला नाही."

मला म्हणायचं होतं, बाबा, ती नुसती म्हणायची पद्धत आहे. आपल्यात जाते म्हणत नाहीत, अशुभ वाटतं, म्हणून येते म्हणतात. हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच! पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी नुसता त्यांच्या कपात चहा ओतला. मला भीती वाटली. हा माणूस माझ्या शास्त्राचा आधार घेऊन वाट बघतोय, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात धुकं आलं. समुद्राकडून येतं आणि झाडांच्या मध्ये शिरून बसतं. दुपारची फेरी होती. अंधार पडायच्या आत डबे लावून निघायचं होतं. बाबांची ओळ माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, रिबीन सोडून कुठे जायचं नाही असं ठरलेलं. त्यांचा पिवळा रेनकोट थोडा वेळ दिसत होता, मग दिसेनासा झाला.

"बाबा, कुठवर आलात? ओव्हर."

"नवव्याला. रिकामा. ओव्हर."

मी खाली वाकून डब्यात ओट भरत होते. रेडिओत खरखर झाली. तोच बारीक, लांबून आल्यासारखा आवाज. एकच शब्द. पुन्हा एकदा. आणि लगेच बाबांचा आवाज, अगदी स्पष्ट, घरातल्या खुर्चीतून बोलावं तसा :

"येतो."

मला वाटलं, त्यांची ओळ संपली, माझ्याकडे येतायत. मी डबा लावला, शेवाळ घातलं, हात पुसले आणि उभी राहिले वाट बघत.

आणि पावलं ऐकू आली.

माझ्याच ओळीने, मी जिथून आले होते तिकडून. पोकळ जमिनीवर जड, सावकाश पावलं. त्यांच्याबरोबर दुसरा आवाज. खट्. थोडं थांबून, खट्. मी लावून आलेले डबे एकेक करून मिटत होते, जसं कुणी चालता चालता त्यांना पाय लावत यावं.

"बाबा, जपून! डब्यांना पाय लागतोय."

पावलं थांबली. समोर फर्नचं दाट रान होतं, कमरेएवढं, आणि त्याच्या पलीकडे पांढरं धुकं. कुणीतरी तिथे उभं होतं. श्वास ऐकू येत होता, ओला आणि संथ.

"या ना, बाबा."

फर्नची पानं हलली नाहीत. पिवळा रंगही दिसला नाही. आणि तेव्हा, त्या श्वासासमोर उभी असताना, माझ्या लक्षात आलं की मघाशी त्यांनी "ओव्हर" म्हटलं नव्हतं. "आउट"ही नाही. ते माझ्याशी बोलतच नव्हते. ते "येतो" मला नव्हतं. ते निघाले होते.

फर्नमागे काय होतं ते मी पाहिलं नाही. एल्क असेल, ते मोठं हरीण धुक्यात माणसाच्या अगदी जवळ येतं. मी मागे वळून बाबांच्या ओळीकडे धावत सुटले, आणि धावताना पाठीमागे आणखी एक डबा मिटल्याचा आवाज ऐकला.

नववी रिबीन सापडली. दहावी सापडली. दहाव्या रिबिनीखाली त्यांची डब्यांची पिशवी नीट उभी करून ठेवली होती, देवळाबाहेर चपला काढून ठेवाव्यात तशी. पुढच्या रिबिनीकडे पाऊलखुणा गेल्याच नव्हत्या. त्या उताराकडे वळल्या होत्या, जिथे आमची एकही ओळ नव्हती. शेवाळात पावलाचा ठसा पडतो आणि बघता बघता पुन्हा वर येतो. मी पोचेपर्यंत निम्मे ठसे बुजले होते.

मी रेडिओवर हाका मारल्या. उत्तर नाही. तोंडाने हाका मारल्या. त्या शेवाळाने पिऊन टाकल्या. उजेड कमी होत होता. सत्तरीचा माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या, अंगात भिजलेले स्वेटर. नवऱ्याला काय सांगू, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आणि मी स्वतःही फिरत होते, कारण एक तुटलेला बुंधा मला दुसऱ्यांदा दिसला. चकवा लागणं म्हणतात ते हेच. मला रडू फुटलं. मग राग आला, त्यांचा, नवऱ्याचा, मेलेल्या सासूबाईंचा सुद्धा. आणि त्या रागात मी जिवाच्या आकांताने ओरडले.

"बाबा! इकडे या! बाबा, या इकडे! अहो बाबा, या ना!"

"ओ."

अगदी जवळून. एका भल्यामोठ्या आडव्या ओंडक्याच्या मागून. ते तिथे खाली बसले होते, पाठ लाकडाला टेकून, पाय लांब करून. पँट मांडीपर्यंत भिजलेली. रेडिओ मांडीवर होता आणि त्याचा दिवा विझलेला. ओंडक्यापासून काही पावलांवर उतार संपत होता आणि खाली खोलवर पाण्याचा आवाज येत होता. दिसत काहीच नव्हतं, नुसतं पांढरं.

मी त्यांच्या शेजारी मटकन बसले. हात धरला. लग्नानंतरच्या दोन वर्षांत मी त्यांचा हात पहिल्यांदाच धरला होता. बर्फासारखा गार होता.

"कुठे निघाला होतात?"

"तिने बोलावलं. ये म्हणाली. मी येतो म्हटलं आणि निघालो." ते शांतपणे सांगत होते. "पुढे पुढे आवाज येत होता. हे यंत्र बंद पडलं तरी येत होता. इथवर आलो. आणखी चार पावलं टाकली असती. मग थांबलो."

"का थांबलात?"

ते माझ्याकडे वळले. "अगं, ती ये म्हणत होती. तुझ्या सासूने चाळीस वर्षांत मला एकदाही अरेतुरे केलं नाही. ती मला ये कशाला म्हणेल? ती म्हणेल, या."

पाण्याचा आवाज येत होता.

"मग कोण होतं ते?" मी विचारलं. मी, जिने त्यांना तो शब्द कोणता आणि कुठल्या भाषेतला हे हसत समजावून सांगितलं होतं.

"मला ये म्हणणारी बाई एकच होती. माझी आई. मी पाचवीत होतो तेव्हा गेली." त्यांनी धुक्याकडे पाहिलं. "पण आईने मला पाण्याकडे कधी बोलावलं नसतं. म्हणून ओंडक्याला पाठ लावून बसलो. म्हटलं, आता जे कुणी या म्हणेल त्यालाच ओ द्यायची. तू तीनदा म्हणालीस."

गाडीपर्यंत आम्ही हात धरूनच आलो. जंगलाच्या रस्त्यावर आमच्या गाडीशिवाय दुसरी गाडी नव्हती. यावरून काही सिद्ध होत नाही. ते रेडिओ मैलभर लांबूनही बोलतात, आणि वळणापलीकडे मशरूमवाल्यांच्या चार गाड्या उभ्या असू शकतात. हे मी हीटर लावताना स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजेडात माझी ओळ बघायला गेले. सगळे डबे मिटलेले होते. सगळे रिकामे. कापसाला मी हात लावला नाही.

त्या दिवसानंतर बाबा बदलले. खुर्ची दारासमोरून हलवून त्यांनी खिडकीशी नेली. रात्री झोपताना दाराला कडी स्वतः लावायचे, दोनदा ओढून बघायचे. नवऱ्याला फोनवर वाटलं, जंगलाच्या हवेने बरं वाटलं असेल. आम्ही दोघांनीही त्याला काही सांगितलं नाही. संध्याकाळी कधी गप्पांच्या ओघात "तुझी सासू गेली तेव्हा" असं म्हणायचे, आणि ते "गेली" ऐकताना मला दर वेळी थोडं चमकायला व्हायचं, कारण आधी ते तो शब्दच वापरत नसत.

डिसेंबरात ते परत नाशकाला निघाले. धाकटा दीर तिथे बदली घेऊन आला होता. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेपाशी मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, माकडटोपी सारखी केली आणि म्हणाले,

"जातो मी, सूनबाई."

"असं काय म्हणता बाबा! येतो म्हणा."

"नाही." ते हसले, चांगलं मोकळं हसले. "येतो म्हटलं की मागचं माणूस वाट बघत बसतं. तू बसू नकोस. जातो."

आणि गेले. रांगेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मी त्या गोष्टीवर दोन दिवस चिडले होते. आईला कॉलिंग कार्डावरून फोन करून सांगितलं, तर ती आधी "शिव शिव" म्हणाली आणि मग विषयच बदलला.

पुढच्या वसंतात व्होल परतले. कुठे होते, माहीत नाही. डबे भरू लागले, आणि त्यांत एक म्हातारी मादी अशी सापडली की जिचा बिल्ला मी वर्षभरापूर्वी लावला होता आणि जिला आकड्यांनी कधीच सोडून दिलं होतं. कान फाटलेला, विटकरी पाठ विरळ झालेली. मुठीत धडधडत होती. मला ती बाबांना दाखवायची होती. त्या रविवारी फोन केला तर म्हणाले, "बघ, मामा शब्दाचे पक्के असतात." आणि फोन ठेवताना पुन्हा तेच : "ठेवतो." येतोबितो काही नाही.

फोन आला तो जून महिन्यात, भर दुपारी. मी लॅबच्या मागच्या सिंकपाशी डबे धूत होते. मोबाइल खांदा आणि कानाच्या मध्ये धरला. नवऱ्याचा आवाज होता.

"बाबा गेले गं."

"कुठे?" मी विचारलं.

माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. मी खरोखरच विचारत होते. सिंकचा नळ चालू होता आणि हातातल्या डब्याचं दार पाण्याच्या धारेने मिटलं.

"झोपेतच," तो म्हणाला. "सकाळी धाकट्याने दार वाजवलं. आतून कडी होती." मग त्याचा आवाज फुटला. "मला काही म्हणालेच नाहीत यार. परवा तर बोललो आम्ही. तुला काही म्हणाले होते?"

मी नळ बंद केला.

"हो," मी म्हटलं. "मला सांगून गेले."